कवड्यांची तोंडं

मी डूख धरते. यात मला अभिमान नाही आणि लाजही नाही. कोणाला दमा असतो, कोणाला साखर, मला हे आहे. रायपूरच्या गुढियारीत, आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, माणसं सकाळी नळावर कडाकडा भांडतात आणि संध्याकाळी एकमेकींकडे कोथिंबीर मागायला जातात. मला ते कधी जमलं नाही. आई म्हणते, तू बापावर गेलीस. बाप मात्र सगळं गिळून बसणारा होता, त्यामुळे हे माझ्यात कुठून आलं ते मला कळत नाही.

ज्या बाईंवर मी डूख धरला त्या मला पाचवीत चित्रकला शिकवायच्या. मराठी घरातल्या, चौबे कॉलोनीत राहणाऱ्या, स्वच्छ इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. शाळा हिंदी होती, पण मी मराठी बोलते म्हणून त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या, आणि मला ते फार मोठं वाटायचं. आपल्यातल्या आहेत, असं मी समजत होते. त्या आपल्यातल्या नव्हत्या, कारण आम्हीच त्यांच्यातले नव्हतो. आम्ही बंजारा.

हे आमच्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. वडील रेल्वेत होते, मालधक्क्यावर. यवतमाळकडच्या तांड्यातून शिकून आलेला पहिला माणूस. कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "विदर्भाकडले आहोत." लोक पुढचं स्वतःच ठरवून घ्यायचे आणि वडील ते तसंच राहू द्यायचे. आईला त्यांनी रायपूरच्या स्टेशनवर उतरायच्या आधी गाडीतच सांगितलं होतं की आता साडी. तिचा घागरा, काचांची चोळी, कोपरापासून खांद्यापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या, सगळं एका पत्र्याच्या पेटीत गेलं. भाषाही गेली. आम्ही घरात वऱ्हाडीच बोलायचो. आपली बोली तिनं मला शिकवली नाही, मला कळते ती फुटकळ कळते.

पेटीतली एकच गोष्ट ती अधूनमधून बाहेर काढायची, तिच्या लग्नाची ओढणी. आमच्यात तिला टुकरी म्हणतात, पण मी ओढणीच लिहिते. मुलगी लहान असतानाच तिची आई ती सुरू करते, आणि पुढे मुलगी स्वतः पूर्ण करते. लाल जाड कापड, त्यावर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या धाग्यांचं मोजून भरलेलं काम. कापडाचे धागे मोजून टाका घालायचा, त्यामुळे मागची बाजू पुढच्यासारखीच उतरते. माझी आजी म्हणे डोळे मिटून दोन्ही अंगांवरून हात फिरवायची, आणि फरक लागला तर उसवायला लावायची. आईचा फरक लागला नाही. तिची ओढणी दोन्हीकडून सारखी होती. ओळख एकच होती, काठाला लोंबणाऱ्या कवड्या.

कवडीला एक तोंड असतं, दातेरी. दुसरीकडे पाठ असते, गुळगुळीत, चकचकीत. आमच्या तांड्यात कवडी अशी टाकतात की सुलट अंगानं तोंडं बाहेर दिसतात. सगळ्या तांड्यांत हेच असेल असं नाही, मी फक्त आमचं सांगते. जिवंत बाईच्या ओढणीची तोंडं बाहेर. ती गेली की तीच ओढणी तिच्यावर घालतात, उलटी करून, तोंडं आत. कवड्यांची तोंडं मिटवली, असं म्हणतात. तशी ओढणी दिसली की आलेल्या बाईनं काही विचारायचं नाही, बसायचं आणि रडायचं. रडून झालं की ती ओढणी त्या घरात राहत नाही.

हे मला पाचवीतही ठाऊक होतं. आईनं पेटी उघडून दाखवताना सांगितलं होतं, अगदी सहज, कुकरच्या तीन शिट्ट्या सांगाव्या तसं.

शाळेच्या गॅदरिंगला त्या वर्षी भारताचे रंग असा कार्यक्रम होता. प्रत्येकीनं कुठल्या तरी प्रांताचा पोशाख घालून यायचं. वडील ड्यूटीवर होते. आईनं मला न विचारता पेटी उघडली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मी नंतर फार कमी वेळा पाहिलं. तिनं मला शाळेत आणलं, एका वर्गखोलीत नेऊन डोक्यावरून ओढणी घातली, माझ्यापेक्षा लांब होती म्हणून कमरेला दोन घड्या मारल्या, आणि मागच्या रांगेत जागा धरायला निघून गेली.

बाई आल्या. बघतच राहिल्या. "अगं, किती सुंदर! कुठून आणलंस?"

माझ्यामागे दोन पोट्ट्या उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "सच्ची की बंजारन है क्या?" आणि दोघी खिदळल्या.

मी म्हणाले, "भाड्यानं आणलंय बाई."

कार्यक्रमानंतर बाईंनी सांगितलं की भाड्याचे सगळे कपडे एकदम परत जाणार आहेत, मोठ्या ट्रंकेत ठेवून दे. आता काय बोलणार? मी ओढणी उतरवली आणि ट्रंकेत ठेवली. घरी जाताना आईनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "बाईनं ठेवून घेतली." यात खोटा शब्द एकही नव्हता.

आई दुसऱ्या आठवड्यात शाळेत गेली, मग पत्ता विचारत चौबे कॉलोनीत बाईंच्या घरी. मी घरात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, एक ओळ वाचली नाही. ती परत आली, पाय धुतले, म्हणाली, "नाही भेटली." आणि पोळ्या लाटायला बसली. नेहमीपेक्षा दोन जास्तच लाटल्या.

तेव्हापासून मी डूख धरला. माझं म्हणणं सरळ होतं. मी दहा वर्षांची होते, बाई चाळिशीच्या. खोटं पोरगी बोलली, पण कापड मोठ्या बाईनं दाबलं. पुढची दोन वर्षं त्या मला शिकवत राहिल्या आणि मी त्यांच्या वर्गात मुद्दाम सगळी झाडं निळी रंगवत राहिले. त्यांना वाटलं, मुलीला कल्पनाशक्ती आहे.

वर्षं गेली, वडील गेले. आई साठीची झाल्यावर एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी मेली तं मायावर काय टाकसाल?"

मी म्हणाले, "काहून असं बोलून राहिली?"

"बोलू नाही तं काय. साडी टाकसाल. साडीले काय तोंड रायते?"

तिनं नवी ओढणी सुरू केली. मी जाड कापड आणून दिलं, धागे आणले. सहा-सात महिने भरलं असेल. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऑपरेशन झालं, पण धागे मोजण्याइतकी नजर परत आली नाही. मी भरते म्हणाले, तर नको म्हणाली. स्वतःचं स्वतः भरायचं असतं. ते अर्धं कापड तसंच घडी करून पेटीत पडलं. तिला मरणाची भीती कधी नव्हती. तिला भीती होती ती आपल्या माणसांकडे आपण परक्या बाईसारखं जाऊ याची. हे ती बोलून दाखवायची, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर एकच इस्त्रीची साडी यायची.

मी तोवर नवा रायपूरला एका कार्यालयात नकाशे काढायच्या कामाला लागले होते, आणि घरी आल्यावर टाके घालत होते. ते कसं सुरू झालं ते सांगते. वारा उरला या औद्योगिक भागाकडून आला की आमच्या घरात काळी धूळ येते, लोखंडाच्या कारखान्यांची. पडदे धुऊन धुऊन कंटाळा आला. एकदा मी धुतलेच नाहीत. पडद्यावर काजळीचे जे डाग उमटले होते त्यांच्या कडेनं मी आईकडून शिकलेला टाका भरत गेले. डाग तसाच आणि भोवती लाल-पिवळं काम. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "हे काय घाण सजवून राहिली?" कोणीतरी त्याचा फोटो पुढे पाठवला आणि दोन-तीन वर्षांत मी कलावंत झाले. लोक त्याला समकालीन कला म्हणू लागले. मी पडदेच म्हणते.

एकदा परदेशातल्या एका प्रदर्शनासाठी आमची काही बायांची फोनवर व्हिडिओ बैठक झाली. त्यात एक रोमा बाई होती, युरोपातल्या त्या भटक्या जमातीतली जिचे पूर्वज कधीकाळी इकडूनच गेले, जुन्या रजयांवर चित्रं शिवणारी. दुभाष्या मध्ये होता. बोलता बोलता तिनं नाकावर बोट ठेवून म्हटलं, "नाक." मग कानाला हात लावून, "कान." ग्लास उचलून, "पानी." दुभाष्याची गरजच संपली. ती म्हणाली की त्यांच्याकडच्या संग्रहालयांत तिच्या आज्यांचे कपडे काचेत ठेवलेत आणि खाली लिहिलंय, करणारा अज्ञात. ती म्हणाली, मी रोज त्या पाटीला शिव्या देते, मग कामाला बसते. मला ती बाई सख्ख्या बहिणीसारखी आवडली.

आणि मग गेल्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला.

"ओळखलंस का? किती मोठी झालीस ग! पेपरात वाचते तुझ्याबद्दल. माझीच विद्यार्थिनी, सांगते सगळ्यांना." निवृत्तीनंतर त्या जुनी कापडं जमवू लागल्या होत्या. आता त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन होतं, भटक्या समाजांच्या ओळखीबद्दल, जुनी कापडं आणि आजची कला एकत्र. माझे चार पडदे हवे होते, आणि उद्घाटनाला दोन शब्द. "तू त्यांच्यातली आहेस हे मला आत्ता कळलं बघ. तेव्हा बोलली नाहीस कधी."

मी पडदे घेऊन हॉलवर गेले. कामगार शिडीवर चढून दिवे बांधत होते. समोरच्या भिंतीवर, सगळ्यात चांगल्या जागी, लाकडी दांडीला चार चिमट्यांनी लटकवलेली आईची ओढणी होती.

मला वाटायचं, कधी दिसली तर मी रडेन. तसं काही झालं नाही. डोकं एकदम लख्ख चालायला लागलं. डाव्या कोपऱ्यात तिनं काळा दोरा संपला म्हणून निळा वापरला होता, तो निळा तिथंच होता. खाली पाटी: घुमंतू समाजाची ओढणी, कारागीर अज्ञात, आणि त्याखाली संग्राहक म्हणून बाईंचं पूर्ण नाव.

आणि ओढणी उलटी टांगलेली होती.

बाईंची चूक अगदी त्यांना शोभेल अशी होती. एका अंगाला दातेरी फटी, दुसऱ्या अंगाला छान गुळगुळीत चकाकी. नीटनेटकं घर ठेवणाऱ्या बाईला दुसरं अंगच सुलट वाटणार. त्यांनी कवड्या पुसूनही घेतल्या असाव्यात, दिव्यात चमकत होत्या. छापून आलेल्या पुस्तिकेच्या कव्हरवरही तीच उलटी बाजू. निमंत्रणपत्रिकेवरही.

बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. पंचाहत्तरीच्या झाल्या होत्या, साडी तशीच कडक. "बरोबर लागलीय ना ग? तुला कळेल. मला आपलं पुस्तकी ज्ञान."

मी त्यांच्याकडे बघून गोड हसले. "अगदी बरोबर लागलीय बाई."

तिथून बाहेर पडले तेव्हा मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते. अधिकारी येणार होते, पत्रकार येणार होते, त्यांच्या कॉलोनीतली अर्धी माणसं येणार होती. माइक माझ्या हातात येणार होता. मी दोन आठवडे भाषण घडवत होते. बसमध्ये, कार्यालयात नकाशावर पट्टी ठेवून, भांडी घासताना. आधी कौतुक करायचं. मग हळूच विचारायचं, की बाई, ही आपल्याला कुठं मिळाली? मग निळ्या दोऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि शेवटी सांगायचं की चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला कापडाची सुलट-उलट कळत नाही. इथं लोक हसतील, म्हणून इथं थांबायचं, असंसुद्धा मी ठरवलं होतं. बाईंचा चेहरा कसा पडेल ते मी इतक्या वेळा पाहून घेतलं की प्रत्यक्ष पडायची गरज उरली नव्हती.

आणि हे सगळं आईच्या देखत व्हायला हवं होतं. तिला मी फक्त म्हणाले, माझं प्रदर्शन आहे, चल. ओढणीबद्दल एक अक्षर बोलले नाही. मला तिला चकित करायचं होतं. इतका शहाणपणा केला, पण दारातून आत शिरल्यावर तिला काय दिसेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला उलट्या ओढणीत बाईंची फजिती दिसत होती. बाकी काही दिसत नव्हतं.

आई ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. हॉल भरलेला होता. बाईंनी पुढे येऊन तिला नमस्कार केला. "या या, तुमची मुलगी म्हणजे आमचा अभिमान." त्यांनी तिला ओळखलं नाही. आईनं ओळखलं की नाही ते मला कळलं नाही, कारण तोवर तिची नजर भिंतीकडे गेली होती.

आधी तिनं डोळे बारीक केले, तिला लांबचं धूसर दिसतं. मग ती पुढे गेली. कोपऱ्यातला निळा दोरा बोटानं चाचपला. मग काठाला हात लावला आणि एका कवडीवरून अंगठा फिरवला. पाठ. दुसरीवरून फिरवला. पाठ.

मी तिच्यामागे दोन पावलांवर होते, हातात भाषण घेऊन. तिच्या ओढणीची तोंडं मिटलेली होती. माझ्या आईला भर दिव्यांत, पाटी लावून मेलेली म्हणून टांगलं होतं, आणि मला ते दोन आठवडे ठाऊक होतं, आणि मी म्हणाले होते, अगदी बरोबर लागलीय.

"याडी," मी म्हणाले. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. ते मी तिला वर्षानुवर्षं म्हटलेलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला, ओढणीखाली जमिनीवर बसली, आणि तिनं सूर काढला.

ते गाणं नाही. आमच्याकडे बाया मेलेल्या बाईला तिचंच आयुष्य रडून सांगतात. कुठं जन्मली, काय खाल्लं, कोणी सुख दिलं, कोणी फसवलं. ज्यांनी दुःख दिलं त्यांचा उल्लेख त्यात करायचाच असतो आणि तेव्हा कोणी अडवायचं नसतं. मी हे लहानपणी तांड्यावर एकदाच ऐकलं होतं. रायपुरात आईच्या तोंडून ती बोली मी त्या दिवशी पहिल्यांदा अशी खुलून निघताना ऐकली. आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हता. माइकवाला माइक बंद करून बाजूला झाला.

ती स्वतःलाच रडत होती. मला तुकडे कळत होते. विहीर. आजीचे हात. रेल्वे. साडी. मध्येच शाळा, बाई, भाडं, हे शब्द आले. ते लगेच कळले, कारण ते आमचे नाहीत.

लोकांनी गोल केला. फोन वर झाले. मागं कोणीतरी हळूच म्हणालं, "परफॉर्मन्स है, आर्टिस्ट की मदर हैं." बाईंचे डोळे पाणावले होते. त्यांनी माझा दंड धरला आणि कुजबुजल्या, "अगं, हे सांगितलं नाहीस आधी. काय अस्सल आहे." माझ्या भाषणातलं एकही वाक्य त्या आवाजापुढे उभं राहण्याच्या लायकीचं नव्हतं.

आई थांबली. नाक पदराला पुसलं. गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि एकेक करून चारही चिमटे काढले. चौथा निघेना, तर तो दांडीसकट खाली ओढला. ओढणी हातावर घेतली, तोंडं आत ठेवूनच घडी केली, एक, दोन, तीन, आणि काखेत धरून दाराकडे चालू लागली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रस्ता दिला लोकांनी. एक अधिकारी तर उभे राहिले.

बाई हसऱ्या चेहऱ्यानं, टाळ्या वाजवत, दारापर्यंत तिच्यामागे आल्या. टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला चटकन हात पुढे करता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. दारात त्यांनी मला गाठलं. ओठ हसत होते, डोळे हसायचे थांबले होते. "अगं, आता ती कुठं नेतायत?"

"रडून झालं की ती त्या घरात ठेवत नाहीत बाई," मी म्हणाले. "विधीचा भाग आहे."

"हो, पण परत कधी..."

मागून कोणीतरी त्यांचं अभिनंदन करायला आलं आणि त्यांना वळावं लागलं. वळताना त्या एकदा आईकडे बघून थबकल्या. आपल्या फाटकाशी कधीकाळी उभी राहिलेली एक बाई त्यांना तेव्हा आठवली असावी. त्यांचा चेहरा मी ठरवला होता तसाच पडला, आणि तो बघायला माझ्याखेरीज तिथं कोणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. अजून आठवलं की बरं वाटतं. रिकामी जागा आणि खालची पाटी पुढचे आठ दिवस तशीच होती असं कळलं. कारागीर अज्ञात, आणि वर भिंत.

आम्ही ऑटोत बसलो. गुढियारी म्हटलं. ऑटोवाला "हव" म्हणून निघाला. रेल्वे पुलाखाली गर्दी होती, थांबलो. आईनं घडी मांडीवर उलगडली, ओढणी झटकली आणि सुलट केली. कवड्यांची तोंडं बाहेर आली. ती एकेका कवडीवरून अंगठा फिरवत होती, मोजत असल्यासारखी.

माझ्यात अजून जोर होता. मी म्हणाले, "मी सगळ्यायसमोर सांगणार होती याडी. हे माझ्या आईचं आहे म्हणून. माईकवर सांगणार होती."

"आता काहून सांगा लागते," ती म्हणाली. "सांगाचं तवा तुनं सांगतलं होतं न. भाड्याचं आहे म्हणून."

ऑटो पुढे सरकला, पुन्हा थांबला.

"त्या बाईनं मले फाटकातच सांगतलं. तुमची पोट्टीच म्हणते भाड्याचं आहे, मंग तुमचं कसं, म्हणे. मी काय म्हणू? माई पोट्टी खोटी बोलली म्हणू?" तिनं ओढणीचं टोक नीट केलं. "मी म्हटलं, चुकलं माह्यं. आन् आली."

ती आली होती, पाय धुतले होते, पोळ्या लाटल्या होत्या. दोन जास्त. त्या मी खाल्ल्या होत्या. इतकी वर्षं मी एका बाईवर डूख धरून बसले होते, आणि जिला खरोखर धरायचा हक्क होता तिच्यापुढे दोघी होत्या. तिनं एकीला आज सगळ्यांसमोर रडून सांगितलं. दुसरीला इतकी वर्षं वाढून खायला घातलं.

तिनं ओढणीची अर्धी बाजू माझ्या गुडघ्यांवर टाकली, कवड्या ऑटोच्या पत्र्यावर आपटू नयेत म्हणून काठ माझ्या हातात दिला.

"नीट धर," ती म्हणाली. "मी मेली की हेच टाकजो. तोंडं आत, इसरू नको. आन् तवा कोणी इचारलं कोणाचं आहे, तं सांगजो."